एका तासाची मुदत

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर एक वाक्प्रचार हटकून भेटतो. मध्यंतरापर्यंत संघ दोन गोलांनी पिछाडीवर असतो, खेळाडू मान खाली घालून आत जातात, बाहेर येतात ते वेगळेच होऊन. दुसऱ्या दिवशी बातमीत लिहिलेलं असतं की प्रशिक्षकाने आत त्यांना 'रायट ॲक्ट' वाचून दाखवला. 'रीड द रायट ॲक्ट'. कोश न उघडता अर्थ कळतो: चांगलंच फैलावर घेतलं. पंतप्रधान मंत्र्यांना रायट ॲक्ट वाचून दाखवतात, मुख्याध्यापक दहावीच्या वर्गाला, आणि घरमालक रात्री दोनपर्यंत गाणी लावणाऱ्या भाडेकरूंना.

मला यात कायम खुपायचं ते 'वाचणं'. संतापलेला माणूस वाचत नाही. वाचायचं तर हातात कागद हवा, चष्मा हवा, ओळ चुकू न देण्याचं भान हवं. ही सगळी शांत डोक्याची कामं. रागाने बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो, मागचे हिशेब उकरून काढतो, एकच मुद्दा चार वेळा सांगतो. वाचणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. मग आरडाओरड्यासाठी इंग्रजीने वाचनाचं क्रियापद का निवडलं?

कारण त्यातलं वाचन अगदी शब्दशः होतं. खराखुरा कायदा होता, त्यात खराखुरा मजकूर होता, आणि तो जमावापुढे उभं राहून मोठ्याने वाचावा लागे.

१ ऑगस्ट १७१४ रोजी राणी ॲन वारली आणि ब्रिटनच्या गादीवर जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याचा जॉर्ज आला. तो प्रोटेस्टंट होता, हीच त्याची मोठी लायकी. त्याच्यापेक्षा रक्ताने जवळचे वारस होते, पण ते कॅथलिक म्हणून बाद झाले होते. अनेकांना हा पाहुणा राजा रुचला नाही. त्याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी गावोगावी दंगे झाले. पुढच्या उन्हाळ्यात तर जमावांनी, अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांची प्रार्थनाघरं फोडायला सुरुवात केली, कारण हे पंथ नव्या राजाचे आणि त्याच्या व्हिग पक्षाचे पाठीराखे मानले जात. पार्लमेंटात व्हिगांचं बहुमत होतं. त्यांनी घाईघाईने कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १७१५ पासून, म्हणजे जॉर्जच्या गादीवर येण्याच्या पहिल्या वर्षदिनी, लागू झाला. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे; दंगेखोर जमाव रोखणं आणि दंगेखोरांना लवकर व परिणामकारक शिक्षा करणं असा त्याचा मथितार्थ. लोकांनी त्याला दोन शब्दांत उरकलं.

त्या काळी आज ज्याला आपण पोलीस म्हणतो ते नव्हतंच, हे इथे लक्षात ठेवावं लागतं. लंडनचं महानगर पोलीसदल उभं राहिलं ते १८२९ साली. त्याआधी गावात दंगल झाली की दोनच गोष्टी हाताशी असत: स्थानिक मॅजिस्ट्रेट आणि लष्कर. मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक वेळा एखादा जमीनदार नाहीतर पाद्री, मानद काम करणारा, दंगलीचा काडीचा अनुभव नसलेला. आणि लष्कर म्हणजे बंदुका. अधलंमधलं काही नाही. लाठ्या, पाण्याचे फवारे, अश्रुधूर या पुढच्या काळातल्या पायऱ्या. तेव्हाच्या जिन्याला एकच पायरी होती, आणि ती पायरी म्हणजे हे वाचन.

कायद्याने त्याची रीत बारकाईने घालून दिली होती. बारा किंवा अधिक माणसं दंगा करत जमली, तर मॅजिस्ट्रेट, शेरीफ किंवा मेयर यांनी तिथे जायचं. त्यांच्यामध्ये, 'अथवा सुरक्षितपणे जितके जवळ जाता येईल तितके जवळ', उभं राहायचं. आधी मोठ्या आवाजात शांततेचा हुकूम द्यायचा. मग तितक्याच मोठ्या आवाजात जाहीरनामा वाचायचा. मला हा क्रम फार आवडतो. दगड उडताहेत, खिडक्या फुटताहेत, आणि कायद्याची अपेक्षा अशी की पाद्रीबुवांनी आधी म्हणावं, 'शांत व्हा, वाचायचं आहे.' जो जमाव या हुकमाने शांत होणार, त्याच्यापुढे पुढचं वाचायची गरजच काय? मसुदा लिहिणारा गृहस्थ दंगलीत कधी सापडला नसावा असं वाटतं. पण 'सुरक्षितपणे जितके जवळ' हे शब्द घालण्याइतका शहाणा तो नक्कीच होता.

आणि मजकूर? मराठीत तो साधारण असा होईल: 'आमचे सार्वभौम स्वामी महाराज येथे जमलेल्या सर्व माणसांना फर्मावतात आणि आज्ञा करतात की, त्यांनी तत्काळ पांगावे आणि शांतपणे आपापल्या घरी अथवा आपापल्या कायदेशीर उद्योगास निघून जावे, न गेल्यास दंगे व दंगेखोर जमाव रोखण्यासाठी राजा जॉर्ज यांच्या पहिल्या वर्षी केलेल्या कायद्यातील शिक्षा भोगाव्या लागतील. देव राजाचे रक्षण करो.'

बस, एवढंच. सगळा रायट ॲक्ट कोणी वाचत नसे. वाचायचा तो हा तुकडा. एका दुपारी घरी कोणी नसताना मी मूळ इंग्रजी मजकूर उभं राहून, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात वाचून पाहिला. अर्ध्या मिनिटात संपतो. शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' सोडलं तर सगळं मिळून एकच वाक्य आहे, आणि ते मोठ्या आवाजाला अजिबात साथ देत नाही. 'इमीजिएटली टु डिस्पर्स देमसेल्व्ज' इथवर छाती भरलेली असते. 'हॅबिटेशन्स'पाशी ती रिकामी व्हायला लागते. आणि 'अपॉन द पेन्स', म्हणजे ज्या शिक्षांसाठी हा सगळा खटाटोप, तिथे येईतो आवाज पार बसतो. धमकीचा शब्द नेमका श्वास संपतो तिथे आलाय. शिवाय शिक्षा काय, हे वाक्य सांगतच नाही. अमुक वर्षाच्या कायद्यात पाहा म्हणतं. रस्त्यावरच्या कोणत्या चांभाराने किंवा विणकराने तो कायदा उघडून पाहिला असेल? त्याचीही तजवीज होती म्हणा: दर तिमाही भरणाऱ्या न्यायसत्रांत अख्खा कायदा जाहीर वाचावा असं एक कलम होतं. वाचनावर फारच श्रद्धा होती या मंडळींची.

शिक्षा होती फाशीची. वाचन झाल्यावर एका तासाच्या आत जे पांगले नाहीत, त्यांचा गुन्हा फाशीपात्र. त्याआधी दंगा हा गुन्हा होताच, पण किरकोळ प्रतीचा. या तासाने त्याला थेट फासापर्यंत नेलं. पुढे १८३७ साली फाशी जाऊन तिच्या जागी समुद्रापारची हद्दपारी आली.

तर असा तो एक तास. वाचनाच्या एका बाजूला हुज्जत घालणारा नागरिक, दुसऱ्या बाजूला तोच माणूस मरणाच्या शिक्षेस पात्र, आणि मध्ये साठ मिनिटं. विचार करायला, टोपी शोधायला, भावाला ओढून घरी न्यायला. या तासात मला सरकारची दयाबुद्धी दिसत नाही. दिसते ती चांगलीच कावेबाज तरतूद. कारण त्याच कायद्यात पुढे लिहिलंय की तास उलटून गेल्यावर जमाव पांगवताना कोणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर पांगवणाऱ्यांवर त्याचा दोष येणार नाही. म्हणजे वाचन होतं वाचणाऱ्याच्या बचावासाठी. समोरच्याला ताकीद मिळे, आणि ताकीद देणाऱ्याला अभय.

निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात मॅजिस्ट्रेटच्या वाट्याला इकडे आड, तिकडे विहीर. १७६८ च्या मे महिन्यात लंडनच्या सेंट जॉर्जेस फील्ड्स इथे तुरुंगात असलेल्या जॉन विल्क्स या पुढाऱ्याच्या समर्थकांचा मोठा जमाव त्या तुरुंगाबाहेर जमला. सॅम्युएल गिलम नावाच्या मॅजिस्ट्रेटने रायट ॲक्ट वाचला, त्याच्यावर दगड आले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. गिलमवर चक्क खुनाचा खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला. पण खटला भरला गेला ही गोष्ट देशातल्या यच्चयावत मॅजिस्ट्रेटांच्या मनावर कोरली गेली असणार. बारा वर्षांनी, जून १७८० मध्ये, कॅथलिकांविरुद्धच्या गॉर्डन दंगलींनी लंडन जळायला लागलं. न्यूगेटचा तुरुंग पेटवला गेला, कैदी मोकळे झाले. रस्त्यावर सैनिक उभे होते, पण वाचणारा कोणी सापडेना, आणि न वाचता गोळी कशी झाडायची म्हणून सैन्य नुसतं बघत राहिलं. शेवटी ॲटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, राजाला सल्ला दिला की, डोळ्यांदेखत जाळपोळ चालली असेल तर वाचनासाठी थांबायची गरज नाही. मग गोळीबार असा झाला की मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत गेला. लंडनचा लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट याच्यावर खटला झाला आणि तो दोषी ठरला. त्याचा गुन्हा? त्याने वाचलं नाही.

वाचलं तर खुनी, नाही वाचलं तर कर्तव्यच्युत. १८३१ च्या ब्रिस्टल दंगलीत मेयर चार्ल्स पिनीने वाचलं, तरी शहर जळलंच. स्वतः मेयरला छपरांवरून पळ काढावा लागला आणि वर 'पुरेसं काही केलं नाही' म्हणून खटला भोगावा लागला. तोही सुटला. रायट ॲक्ट वाचणारा माणूस म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे टेबलावर मूठ आपटणारा साहेब येतो. इतिहासात शोधू गेलं तर भेटतो तो घाबरलेला, घामाघूम झालेला, एक डोळा कागदावर आणि एक दगडांवर ठेवणारा गृहस्थ.

वाचनात चूक झाली तर? 'या शब्दांत, किंवा याच आशयाच्या शब्दांत' असं कायदा म्हणतो, तेव्हा थोडं इकडेतिकडे चालत असेल असं वाटावं. पण १८३० साली एक खटला कोसळला तो एवढ्याच कारणाने की वाचणाऱ्याने शेवटचं 'देव राजाचे रक्षण करो' गाळलं होतं. गाळेल नाहीतर काय! धमकी देऊन झाली होती, दगड येत होते. प्रार्थनेसाठी कोण थांबतो? पण त्या चार शब्दांनी आरोपींच्या माना वाचवल्या. राजापेक्षा प्रजेचंच रक्षण देवाने जास्त केलं म्हणायचं.

आणि ऐकूच आलं नाही तर? याचं उत्तर इतिहासाने १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला दिलं. सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला सुमारे साठ हजार माणसं जमली होती. पोरंबाळं, ठेवणीतले कपडे घातलेल्या बाया, झेंडे, बँड. मैदानाच्या कडेच्या एका घरात मॅजिस्ट्रेट बसून होते. त्यांच्यातले रेव्हरंड चार्ल्स एथेल्स्टन यांनी खिडकीतून रायट ॲक्ट वाचल्याचं नंतर सांगण्यात आलं. ते इतके बाहेर वाकले होते म्हणे की पडू नयेत म्हणून त्यांच्या कोटाची शेपटं धरायला सहकारी मागे तयारीत उभा होता. साठ हजारांच्या गर्दीपुढे, बँडच्या आवाजात, खिडकीतून एका माणसाचं वाचन! मैदानातल्या बहुतेकांनी त्यातलं अक्षर ऐकलं नाही. काहींनी तर असं वाचन झालंच नाही अशी शपथेवर साक्ष दिली. तास सरायची वाट कोणी पाहिली नाही. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. पंधरा ते अठरा माणसं मेली आणि शेकडो जखमी झाली. वॉटर्लूची लढाई चार वर्षांपूर्वीच झाली होती. लोकांनी तिच्या चालीवर या दिवसाला 'पीटर्लू' म्हटलं.

याच १८१९ सालच्या डिसेंबरमधलं एक खासगी पत्र वाक्प्रचारांच्या अभ्यासकांच्या हाती लागलंय. त्यात लिहिणारा एका बाईविषयी सहज म्हणतो की ती आत्ताच मुलांच्या खोलीत रायट ॲक्ट वाचायला धावत गेलीय. इकडे मँचेस्टरच्या जखमा ओल्या आहेत आणि तिकडे तेच शब्द पोरांच्या दंग्याला लागले. मला यात क्रूरपणा वाटत नाही. शंभर वर्षं जो मजकूर कानावर पडत आला, तो घरातल्या बोलण्यात मुरणारच. आणि घरात आलेला शब्द आधी पोरांवर चालवून पाहिला जातो. पण इंग्रजी भाषेने या कायद्यातलं काय उचललं आणि काय टाकलं, ते बघण्यासारखं आहे. मोठा आवाज उचलला. अधिकार उचलला. मुदत टाकली.

अधिकाराचं भान वापरात अजून शाबूत आहे. रायट ॲक्ट वरचा खालच्याला वाचतो. कारकुनाने साहेबाला वाचला असं कोणी लिहीत नाही, लिहिलंच तर गंमत म्हणून. बरोबरीच्या मित्राशी नुसतं कडाक्याचं भांडण होतं, त्याला हे शब्द लागत नाहीत. वाचणाऱ्याच्या हाती पुढे काहीतरी करायची ताकद असावी लागते: संघातून वगळायची, पगार कापायची, घर खाली करून मागायची. रचनेत 'द' हवाच, कुठलाही रायट ॲक्ट चालत नाही. आणि भूतकाळात स्पेलिंग तेच ठेवून उच्चार 'रेड' करायचा, ही शाळेपासूनची खोडी इथेही आहेच.

पण 'आता थांबा, नाहीतर' यातलं 'नाहीतर' हळूहळू गळत चाललंय. पूर्वी या शब्दांत शेवटची ताकीद असे. आता पुष्कळदा नुसता राग असतो. अनुवाद करताना म्हणूनच दर वेळी थांबावं लागतं. परिणाम बोलून दाखवला असेल तर 'सज्जड दम दिला' चपखल बसतं. नुसतीच आगपाखड असेल तर 'खरडपट्टी काढली' बरं. 'कानउघाडणी' फार मायेची होते.

खऱ्या रायट ॲक्टच्या जवळ जाणारी बोलणी मी एकदाच खाल्ली आहेत. जिथे काम करत होतो तिथले आधीचे साहेब रोज ओरडत. त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाई आणि कामावर त्याचा सुतराम परिणाम होत नसे. आम्ही तो घड्याळाच्या ठोक्यासारखा धरून चाललो होतो. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना बोलावलं. खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला, आणि एका सुरात चार वाक्यं वाचली: कोणती कामं रखडली आहेत, कोणत्या तारखेपर्यंत ती व्हायला हवीत, न झाल्यास काय होईल. नजर कागदावरून हलली नाही. मग घडी घालून कागद पुन्हा खिशात. 'काही प्रश्न?' कोणालाही नव्हता. वाचलेल्या शब्दाशी हुज्जत घालता येत नाही. ओरडणाऱ्याला आपण मनातल्या मनात 'आज बिनसलेलं दिसतंय' म्हणून माफ करतो. कागद कधी बिनसलेला नसतो. बाहेर आल्यावर आमच्यातला एक जण पुटपुटला, 'यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.' कामं मात्र तारखेआधी झाली. त्या बाईंनी आम्हाला पंधरा दिवस दिले होते, हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं.

कायदा स्वतः विसाव्या शतकात थकत गेला. त्याचे शेवटचे मोठे दिवस १९१९ सालचे. महायुद्ध संपून सैनिक घरी आले होते, कामं नव्हती, महागाई होती. जानेवारीत ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये कामाचे तास कमी करा म्हणणाऱ्या संपकऱ्यांपुढे शेरीफ वाचायला उभा राहिला, तर कोणीतरी त्याच्या हातातला कागदच फाडून घेतला. ऑगस्टमध्ये बर्कनहेडला तो वाचला गेला, आणि तेही पोलिसांच्याच संपामुळे माजलेल्या गोंधळात. १९७३ साली त्याचं उरलंसुरलं अस्तित्व ब्रिटनच्या कायद्यांतून पुसलं गेलं. कॅनडात मात्र तो फौजदारी संहितेत नांदतोय. बारा माणसं, मोठा आवाज, शांततेचा हुकूम, शेवटी राजासाठी देवाची प्रार्थना, सगळं जसंच्या तसं. फाशीच्या जागी जन्मठेप आली आहे आणि तासाचा अर्धा तास झाला आहे. त्याच १९१९ च्या जूनमध्ये विनिपेगच्या सार्वत्रिक संपात तिथल्या मेयरने तो वाचला होता. त्या दिवसाला तिथे 'रक्ताळलेला शनिवार' म्हणतात.

मुदत भाषेने टाकली असं मी वर म्हटलं खरं, पण एका ठिकाणी ती टिकून आहे, आणि ते ठिकाण तेच, पोरांची खोली. आई ओरडते, पण ओरडून झाल्यावर लगेच हात उगारत नाही. ती म्हणते, 'मी तीन म्हणेपर्यंत खेळणी उचलली गेली पाहिजेत.' जाहीरनामा वाचून झालेला असतो, परिणाम सगळ्यांना ठाऊक असतात, आणि मग मोजणी सुरू होते. एक. पोरं एकमेकांकडे बघतात. दोन. धाकटा एक गाडी उचलतो, थोरला अजून आईच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतोय. मग बहुतेक आया तीन म्हणत नाहीत. त्या म्हणतात, 'अडीच.' तशीच वेळ आली तर 'पावणेतीन'सुद्धा. ही सोय १७१५ च्या मसुद्यात कोणाला सुचली नाही.